आप्पांचा पालेकर, गुरुजींचा पालेकर

अमोल पालेकरांनी नट म्हणून जे कमावलं ते दिग्दर्शक होऊन घालवलं, असं आमच्या आप्पांचं ठाम मत आहे. गुरुजींचं म्हणणं नेमकं उलटं. नट म्हणून मिळालेलं नाव हे पालेकरांचं भांडवल होतं, ते त्यांनी हव्या त्या कामाला लावलं, आणि भांडवल असतं कशासाठी? भूम तालुक्यातल्या ईटमध्ये, खव्याच्या भट्टीशेजारच्या बाकड्यावर हा वाद कित्येक वर्षं चालू आहे. आप्पा भट्टीवाले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नोकरीची सुरुवात त्यांनी एका वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत केली होती. मी आप्पांचा पुतण्या, सुट्टीला येणारा आणि आयता श्रोता म्हणून दोघांनाही हवा असणारा. पालेकरांचं २०२४ मध्ये आलेलं ‘ऐवज’ हे आत्मकथन मी गुरुजींसाठी पुण्याहून आणलं आणि वादाला पुन्हा तोंड फुटलं.

आप्पांनी पुस्तक तळहातावर घेऊन वर-खाली केलं, जणू किलोचा अंदाज घेतायत.

आप्पा : एवढं जाड? यात गोलमालवर किती पानं हायेत तेवढं सांगा.

गुरुजी : तुमचं सगळं गोलमालपाशी येऊन थांबतं.

आप्पा : थांबण्यासारखंच हाय ते. बार्शीला पेंड आणायला गेल्तो, थेटरात घुसलो, पेंड दुसऱ्या दिवशी आणली. तो मुलाखतीचा शीन आठवा. अंगात आखूड कुर्ता, तोबी देवेन वर्माकडनं मागून आणलेला. उत्पल दत्त इचारतो, कुर्ता एवढा आखूड का? तर हा गडी कापड वाचवायचा हिशोब सांगतो. तोंडावरची रेघ हलत न्हाई. सगळं थेटर हसतंय आन ह्यो आपला गंभीर. ही कला किती जणांकडं हाय?

गुरुजी : मान्य आहे. फिल्मफेअरवाल्यांनीही मान्य केलं, त्या वर्षीचं उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक दिलं.

आप्पा : मग! रजनीगंधा १९७४, मग छोटी सी बात, चितचोर, घरौंदा, गोलमाल १९७९. एकामागं एक. मारामारी न्हाई, घोड्यावर बसणं न्हाई, बशीच्या रांगेत उभा राहणारा हिरो. असा हिरो त्याच्या आधी कधी बघितला होता का? आन दोन वर्षांत मानूस म्हणतो, मी आता कॅमेऱ्यामागं जातो. आवो, जायचं कशाला?

गुरुजी : तुम्ही भलत्या टोकाकडून मोजायला लागता. पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. बँक ऑफ इंडियात नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात सत्यदेव दुब्यांबरोबर नाटक. १९७२ साली त्यांनी ‘अनिकेत’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. रजनीगंधा त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे नाटक बसवणारा माणूस आधीपासून होता, हिरो मधेच झाला.

आप्पा : मधेच झाला, पण लोकांनी त्यालाच घरात घेतलं की.

इथे मला आप्पांची बाजू घ्यावीशी वाटते. पालेकरांचा नायक ‘सामान्य माणूस’ होता असं सर्रास लिहिलं जातं, पण तो सामान्य माणूस मुंबईचा होता. लोकल, ऑफिस, भाड्याची खोली, कॅन्टीनमधली कॉफी. ईटच्या पोरांचं त्यातल्या कशाशीच नातं नव्हतं. तरी त्यांना तो आपला वाटला, कारण तो पडद्यावर बिचकायचा. मुलीशी बोलताना शब्द न सापडणारा हिरो खेड्यातल्या पोराला फार धीर देऊन जातो. आणि हे जमवणारा नट किती ताकदीचा होता ते ‘भूमिका’ आणि ‘घरौंदा’ पाहिल्यावर कळतं. दोन्ही १९७७ चे. हाच चेहरा तिथे मतलबी होतो, बायकोच्या किंवा प्रेयसीच्या जिवावर हिशोब मांडतो, आणि आपल्याला त्याचा राग येतो. गुरुजींनी हा मुद्दा कधी काढला नाही याचं मला नवल वाटतं, कारण तो त्यांच्याच फायद्याचा आहे.

गुरुजी : बरं, पहिला सिनेमा कुठला काढला ते बघा. आक्रीत, १९८१. विजय तेंडुलकरांची पटकथा. विषय मानवतचा.

मानवत म्हटल्यावर आप्पा गप्प झाले. परभणी जिल्ह्यातलं ते गाव बहात्तरच्या दुष्काळानंतर सगळ्या मराठवाड्याच्या तोंडी झालं होतं. गुप्तधनाची हाव, मूल होण्यासाठी केलेली अघोरी कृत्यं, आणि त्यापायी पोरीबाळींचे नि बायकांचे एकामागून एक खून. आप्पा सांगतात, त्या दिवसांत त्यांची आई दिवेलागणीनंतर थोरल्या बहिणीला परसातही जाऊ द्यायची नाही.

आप्पा : बघितलाय मी आक्रीत. पालेकर स्वतःच त्यात मुकुटराव. ज्याला आया-बाया जावई म्हणून बघत होत्या, तो असलं काम करतो? रात्री जेवन गेलं न्हाई मला.

गुरुजी : जेवण जाऊ नये असाच विषय होता. लोकांना आपल्या चेहऱ्याबद्दल जी माया आहे तीच वापरून त्यांना हादरवायचं, याला छाती लागते. दुसरा कुणी असता तर दिग्दर्शक झाल्यावर आधी आणखी एक गोलमाल काढलं असतं. राज कपूर, देव आनंद, मनोज कुमार, सगळे नट दिग्दर्शक झाले ते स्वतःलाच मोठ्या पडद्यावर आणखी मोठं दाखवायला.

आप्पा : राज कपूरनं लोकान्ला काय कमी दिलं?

गुरुजी : कमी कुठं म्हणतोय? पण पालेकरांनी स्वतःला बाजूला काढलं. आक्रीत, अनकही आणि नंतरचा समांतर असे थोडके सोडले तर काम दुसऱ्यांना दिलं. नटाला हे जमणं सोपं नाही.

‘अनकही’वर (१९८५) दोघं भांडत नाहीत. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ नाटकावरचा हा सिनेमा आप्पांना कळला नाही असं ते मोकळेपणी सांगतात. पण त्यात पंडित भीमसेन जोशी गायले, त्यांना त्यासाठी आणि जयदेवांना संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, एवढ्यावर त्यांचं समाधान आहे. भीमसेनांना गायला लावणाऱ्याला आप्पा शंभर गुन्हे माफ करतात.

खरी ठिणगी पडते ती १९९० च्या ‘थोडासा रूमानी हो जाएँ’वरून, आणि ईटमध्ये ती पडणारच. नॅश यांच्या ‘द रेनमेकर’ या अमेरिकन नाटकावरून केलेला हा सिनेमा. गाव दुष्काळानं करपलेलं. एका घरात लग्नाचं वय उलटत चाललेली मुलगी, बिन्नी. अनिता कंवरनं ती फार नितळ केली आहे. आणि तिथे धूमकेतूसारखा उगवतो नाना पाटेकर, आडनाव बारिशकर, नाव वाचता वाचता दम लागावा एवढं लांब. पैसे द्या, पाऊस पाडून देतो, म्हणतो.

आप्पा : आन शेवटी पाऊस पडतो! गुरुजी, मला त्याचाच राग हाय. दुष्काळात मानूस कुनाकुनाला पैसे देतो ते आमाला इचारा. टँकरवाल्याला देतो. बोअरवाल्याला देतो, नारळ हातावर धरून पानी दाखवणाऱ्याला देतो. तीनशे फूट, चारशे फूट, खाली नुसता फुफाटा. जनावरं छावणीला नेऊन बांधली आमी. दूध आटलं तवा ही भट्टी थंड पडली होती. आन तुमचा पालेकर दाखवतो, लबाड मानूस आला, गोड बोलला, पोरगीला म्हनला तू देखणी हायेस, आन धो धो पाऊस. असं असतं तर आमच्याकडं पूर आला असता.

गुरुजी : तो पाऊस आभाळातला नाही, आप्पा. बिन्नीच्या मनातला.

आप्पा : मनातल्या पावसानं कडबा उगवत न्हाई.

गुरुजी : आणि कडबा उगवला म्हणून बिन्नीचं दुःख संपत नाही. दुष्काळात पोरींची लग्नं मोडलेली तुम्ही पाहिली नाहीत? आरशात बघायचं सोडून दिलेल्या पोरी मी वर्गात पाहिल्यात. त्या सिनेमात एक माणूस येऊन तिला सांगतो, तू स्वतःकडे नीट बघ. तो लबाड आहे हे तिलाही कळतं. तरी ती गोष्ट खरी राहते. आणि आप्पा, २०१५ ला सरकारनं औरंगाबादहून विमान उडवून ढगात मीठ फवारलं, तेव्हा मान वर करून बघत कोण बसलं होतं?

आप्पा : सगळं गावच बसल्तं.

गुरुजी : मग बारिशकरला तेवढं का हसता?

आप्पा : हसत न्हाई. नानाचं मला पटतं, पण पडद्यावरच्या न्हाई. त्याच साली तो आन मकरंद अनासपुरे मराठवाड्यात आले, ‘नाम’ काढलं, ज्यांच्या मालकांनी जीव दिला त्या बायांच्या हातात चेक ठेवले, नाले खोल केले. खरा बारिशकर तो. आन त्यानं बी एकदाच डायरेक्शन केलं बघा, ‘प्रहार’. एकदा केलं, झालं, परत कामाला लागला. ह्याला म्हनतात शहाणपन.

गुरुजींना याचं उत्तर सुचलं नाही, किंवा सुचलं असून त्यांनी दिलं नाही. माझ्या मते उत्तर आहे. दुष्काळ म्हणजे भेगाळलेली जमीन आणि कपाळावर हात घेतलेला शेतकरी, हे चित्र आपल्या सिनेमानं एवढं वापरलंय की दुष्काळातही माणसं प्रेमात पडतात, चेष्टा करतात, लग्नाची स्वप्नं बघतात हे विसरायला झालं. पालेकरांनी ते दाखवलं. पण आप्पांचा रागही मला खोटा म्हणता येत नाही. ज्याची भट्टी थंड पडली त्याला रूपक दाखवणं हे धाडसाचंच काम.

मग गुरुजींनी त्यांचं शेवटचं हत्यार काढलं. ‘बनगरवाडी’, १९९५.

गुरुजी : हा सिनेमा मी पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझी बदली-ऑर्डर वाचून पटकथा लिहिली. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची कादंबरी, पटकथाही त्यांचीच. तरणा मास्तर पायी चालत वाडीत येतो. वाडी मेंढक्यांची. शाळा आहे, पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागे. मी पहिल्या दिवशी शाळेचं कुलूप उघडलं तेव्हा आत काय होतं माहितीय? शेळीच्या लेंड्या आणि एक तुटका फळा. आधी कारभाऱ्याला जिंकायचं, मग पोरं येतात. चंद्रकांत कुलकर्णींनी तो मास्तर केलाय, तो कुठेही शूर दिसत नाही. घाबरतो, चुकतो, लोकांच्या भानगडीत ओढला जातो. मास्तरच्या नादानं गाव तालीम बांधतं. आणि मग पाऊस पाठ फिरवतो, एकेक घर मेंढरं घेऊन निघून जातं. शाळेत शिकवायला कुणी उरत नाही. इथं मनातला पाऊस नाही, आप्पा. इथं पडतच नाही.

आप्पा : ते मला ठाव हाय. चांगला हाय तो सिनेमा.

गुरुजी : (चकित होऊन) तुम्ही कधी पाहिला?

आप्पा : टीव्हीवर. तुमीच तर घरी बोलावल्तं. पण तोच माझा मुद्दा हाय. गोलमाल बार्शीच्या थेटरात आला. बनगरवाडी आला का? आमच्यावर पिक्चर काढला, धनगरावर, दुष्काळावर, एकशिक्षकी शाळेवर, त्याला मराठीतला सगळ्यात चांगला पिक्चर म्हनून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दिल्लीनं बघितला, परदेशातल्यांनी बघितला. आमी? आमी दूरदर्शन लागंल तवा, लाईट असंल तर. गुरुजी, रोज दूध डेरीला घातलं तर दर दहा दिवसाला पैसे येतात. खवा करायचा तर पाच लिटरचं किलोभर होतं, लाकूड जळतं, मानूस कढईशी उभा राहतो, हात दुखतो. पर तो खवा सकाळच्या गाडीनं पुन्या-मुंबईला गेला पायजे. तुमच्या पालेकरनं चांगला आटवला, मी म्हनतो एक नंबर आटवला. पर बाजारात नेलाच न्हाई.

यावर गुरुजी बराच वेळ बोलले, त्याचा गोषवारा असा. बनगरवाडीला पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांचा होता. त्या काळात अशा सिनेमाला पैसा मिळायचा तो सरकारी दारातूनच. सिनेमा पूर्ण करणं एवढंच दिग्दर्शकाच्या हातात. तो कुठल्या गावी किती खेळ चालवायचा हे थेटरवाले नि वितरक ठरवतात आणि त्यांना तालुक्याच्या गावात मास्तर नि मेंढरं चालवायची नव्हती.

आप्पा : म्हंजी दोष कुनाचाच न्हाई?

गुरुजी : दोष आहे. पण पालेकरांचा नाही.

आप्पा : मग लगान कसा चालला? तो बी नटाचाच डायरेक्टर झालेला, गोवारीकर. तिथं बी दुष्काळ, तिथं बी आभाळाकडं बघनारी मानसं, आन शेवटी पाऊस. भुजच्या माळावर काढला. पावणेचार तास. सगळ्या जातींची मानसं उभी केली, क्रिकेट घातलं, आन गावंच्या गावं ट्रॅक्टरमधी बसून बघायला गेली. ऑस्करच्या पाचात बसला.

गुरुजी : गोवारीकर कुणाच्या हाताखालून गेलाय ठाऊक आहे? १९८७ ला पालेकरांनी दूरदर्शनसाठी ‘कच्ची धूप’ ही मालिका केली. भाग्यश्री पहिल्यांदा दिसली ती तिच्यात. त्याच मालिकेत गोवारीकर होता, नट म्हणून.

हे आप्पांना नवीन होतं. मला त्याहून गंमत वाटते ती वेगळ्याच योगायोगाची. २०२४ मध्ये मानवत हत्याकांडावर वेबमालिका आली आणि तिच्यात तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णींचं काम आशुतोष गोवारीकरनं केलं. पालेकर ज्या प्रकरणापासून दिग्दर्शक झाले, त्याच प्रकरणावरच्या मालिकेत दिग्दर्शक गोवारीकर नट म्हणून उभा राहिला. मराठवाड्याच्या एका काळ्या कहाणीभोवती दोन मुंबईकर नट-दिग्दर्शक असे उलटसुलट फिरावेत, आणि मराठवाड्याला आपल्या बाजूनं ती सांगायला अजून फारसं कुणी मिळू नये, हे मात्र गमतीचं नाही.

आप्पा : ते मोबाईलवर बघितलं मी. बरं हाय. पर मुद्दा तिथंच. लगान आमीर खानच्या पैशानं झाला म्हनून तो पोचला. निर्माता दांडगा पायजे.

गुरुजी : पालेकरांनाही दांडगा निर्माता मिळाला की. पहेली, २००५. पैसा शाहरुख खानच्या रेड चिलीजचा. विजयदान देथांची गोष्ट, तिच्यावर मणी कौलनी १९७३ ला ‘दुविधा’ केला होता. भारताकडून ऑस्करला पहेलीच गेला.

आप्पा : गेला, पर पाचात न्हाई बसला. बघितलाय मी. लग्नाच्या पहिल्या रात्री नवरा वही काढून खर्चाचा जमाखर्च मांडत बसतो, तेवढं लई खरं. आमच्या पाव्हण्यांत असला एक हाय. मग भूत येतं नवऱ्याच्या रूपात, आन बायकोला भूत आवडतं. त्यात काय नवल? पर रंग लई झाला, गुरुजी. ओढण्या आन हवेल्याच लक्षात राहिल्या. बनगरवाडीतला मास्तर अंगाला चिकटला, ती रानी मुखर्जी न्हाई चिकटली.

गुरुजी : (हसून) म्हणजे दांडगा निर्माता मिळाला तेव्हा सिनेमा पातळ झाला, असं तुम्हीच म्हणताय.

आप्पा अडकले. त्यांनी भट्टीकडे बघून पोराला जाळ कमी करायला सांगितलं, जो मुळात कमीच होता.

निर्मात्याच्या मुद्द्यावर दोघंही अर्धवट बोलतात असं मला वाटतं. स्वतःचा पैसा लावणाऱ्या मराठी नटांमध्ये भगवानदादांची आठवण ठेवावी. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः नट, दिग्दर्शक, निर्माता. १९५१ चा ‘अलबेला’ तुफान चालला, बंगला झाला, गाड्या झाल्या, मग पुढचे सिनेमे पडले आणि सगळं विकून दादरच्या चाळीत परतावं लागलं. २००२ मध्ये ते तिथेच गेले. पालेकरांच्या पिढीनं ते पाहिलं होतं. सरकारी पैसा, दूरदर्शनच्या मालिका, कधी मोठ्या नटाची कंपनी, असं करत करत पालेकर तीस वर्षं आपल्याला हवं तेच काढत राहिले. ‘ध्यासपर्व’सारखा र. धों. कर्व्यांवरचा सिनेमा २००१ मध्ये बाजारातल्या कुठल्या सावकारानं काढू दिला असता? या टिकण्याची किंमत एकच होती, ती आप्पा बरोबर ओळखतात: सिनेमा झाला, पण ज्यांच्यावर झाला त्यांच्या गावात तो उतरला नाही. गुरुजी म्हणतात तसा दिग्दर्शकाचा त्यात दोष नाही. पण पडद्यावरच्या नावांत निर्माता म्हणूनही आपलं नाव घालणाऱ्याला हा प्रश्न कुणीतरी विचारला पाहिजे, आणि तो विचारायचा अधिकार समीक्षकापेक्षा भट्टीवाल्याला जास्त आहे.

आणखी एक. नट पालेकर पडद्यावर कधी पुढे पुढे करत नसे. दिग्दर्शक पालेकरही करत नाही. कॅमेरा थोडा लांब ठेवून माणसांना त्यांचं त्यांचं करू देतो. आप्पांना जो नट आवडला तोच स्वभाव पुढे सिनेमे काढत राहिला. फक्त पडद्यावर दिसणारा चेहरा दुसऱ्याचा होता. हे मी आप्पांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “असंल. पर आमाला चेहरा लागतो.” आणि २०२१ ला ‘२०० हल्ला हो’मध्ये पालेकर निवृत्त न्यायाधीश होऊन आले, मग २०२३ ला ‘फर्जी’त म्हातारे आजोबा झाले, तेव्हा आप्पांनी पोरांकडून दोन्ही मोबाईलवर लावून घेतलं. पांढरे केस बघून पहिल्यांदा त्यांना ओळखच पटली नाही. आवाजावरून पटली.

गुरुजी : आता परत आला की तुमचा नट. खूश?

आप्पा : पंचवीस वर्षं उशीर केला.

गुरुजी : आप्पा, एक करू. बनगरवाडी शाळेच्या पटांगणात दाखवू. वरच्या वस्त्यांवरच्या मेंढक्यांना बोलावू. परवानगी, पडदा, सगळं मी बघतो.

आप्पा : करा. जनरेटर माझा, रिक्षा फिरवायची माझ्याकडं. पर आदी गोलमाल.

गुरुजी : आधी बनगरवाडी. गोलमालनंतर कोण थांबणार?

आप्पा : बनगरवाडीनंतर कोन थांबनार ते सांगा! लोकं रडत घरी जातील. आदी हसवा, बसवून ठेवा, मग काय रडवायचं ते रडवा.

गुरुजी : मग मधे दहा मिनिटं मी बोलणार.

आप्पा : पाच. आन उभं राहून. खुर्ची दिली की तुमी बसता.